बाणाचे पीस आणि तीरगराची भाषा



परीक्षेच्या दिवसांत शाळेच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडते : "पाचव्या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते, तुक्का मारून आलो." घरातील वडीलधारी मंडळी हीच गोष्ट उर्दूत सांगतात : "लगा तो तीर, नहीं तो तुक्का." हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, तुक्का म्हणजे मुळात काय, हे विचारण्याची आठवण कोणालाच होत नाही. तुक्का हा एक बाण आहे. पण ज्याला लोखंडी टोक नाही असा बोथट बाण. तीर म्हणजे पुरा घडवलेला, टोक असलेला, पिसे लावलेला बाण. तो लागावा म्हणून एका कारागिराने अगोदर बरीच मेहनत घेतलेली असते. तुक्क्यामागे तशी मेहनत नसते. म्हणून तो लागला तर नशिबाने लागतो.

या लेखात मी तुम्हाला बाणाविषयी, आणि त्यातही बाणाच्या शेपटीला लावल्या जाणाऱ्या पिसांविषयी सांगणार आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत धनुर्धर पुष्कळ भेटतात. अर्जुन भेटतो, एकलव्य भेटतो, हजरत सअद इब्न अबी वक्कास (रजि.) भेटतात. परंतु ज्याने या वीरांच्या बाणांना पिसे लावली, तो कारागीर कोठे आहे? त्याचा शोध घेऊ लागलो तर तो पुस्तकांपेक्षा आपल्या बोलण्यात अधिक सापडतो. म्हणून हा शोध थोडा इतिहासाचा आहे आणि थोडा भाषेचा.

बाणाला पीस कशासाठी?

प्रथम पीस लावण्याचे कारण समजून घेऊ. आपल्या शेतात ज्वारीचे धांडे मिळतात. एक सरळ, हलका धांडा घ्या आणि मोकळ्या जागी पुढे फेका. तो हवेत कोलांट्या खात जाईल. आता त्याच्या पुढच्या टोकाला ओल्या मातीचा लहान गोळा लावा, मागच्या टोकाला चिरा पाडून त्यात कोंबडीची दोन-तीन पिसे बसवा, आणि पुन्हा फेका. तोच धांडा तोंड पुढे धरून सरळ जाऊ लागेल.

असे का होते? वजन पुढे असते आणि हवेला अडणारी पिसे मागे असतात. बाण वाटेत जरासा तिरपा झाला की पिसांवर एका बाजूने हवेचा दाब पडतो आणि शेपटी पुन्हा ओळीत ढकलली जाते. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वातकुक्कुटाचे चित्र पाहिले असेल. वारा कोठूनही येवो, त्याची रुंद शेपटी मागे वळते आणि तोंड वाऱ्याकडे होते. बाणाचे पीस नेमके हेच काम करते. धनुष्य बाणाला वेग देते, माणसाचा डोळा त्याला दिशा देतो. पण हातातून सुटल्यावर ती दिशा सांभाळण्याचे काम पिसाकडे असते. तेथे धनुर्धराचा काही इलाज चालत नाही. जे काही करायचे ते कारागिराने आधीच करून ठेवलेले असते.

आता पिसांतही भेद आहे. पक्ष्याच्या डाव्या पंखाचे पीस एका बाजूला वळलेले असते आणि उजव्या पंखाचे त्याच्या उलट. एकाच बाणाला दोन्ही बाजूंची पिसे लावली तर ती एकमेकांशी भांडतात. एकाच बाजूची लावली तर बाण स्वतःभोवती फिरत जातो आणि अधिक स्थिर राहतो. बॅडमिंटनचे फूल हातात घेऊन पाहा. त्यात सोळा पिसे असतात आणि चांगल्या फुलात ती सर्व एकाच बाजूच्या पंखातून निवडलेली असतात. जुन्या तीरगराचे हेच ज्ञान आज खेळाच्या मैदानावर वापरले जात आहे.

काम पुढे असे चाले : पिसाची दांडी मधोमध उभी चिरायची, आतला मऊ भाग खरवडून ती पातळ करायची, तीन किंवा चार सारख्या पट्ट्या कापायच्या, बाणाच्या दांडीवर सारख्या अंतरावर सरसाने चिकटवायच्या, आणि दोन्ही टोके बारीक तंतूने आवळून बांधायची. शेवटी कडा एका मापाने छाटायच्या. यात पिसांची उंची कमीजास्त राहिली तर निशाणा चुकू शकतो.

संस्कृतातील शब्द

आपल्या देशात ही कला किती जुनी आहे, हे शब्दांवरून कळते. यजुर्वेदात निरनिराळ्या व्यावसायिकांची जी मोठी यादी आली आहे, तीत इषुकार, धनुष्कार आणि ज्याकार अशी तीन वेगळी नावे आहेत. इषु म्हणजे बाण, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. म्हणजे त्या काळीसुद्धा बाण करणारा, धनुष्य करणारा आणि दोरी करणारा असे तीन स्वतंत्र कारागीर होते. एकाच माणसाला तिन्ही कामे नीट येणे कठीण, हे समाजाने ओळखले होते.

अमरकोशात बाणाला अनेक नावे दिली आहेत. त्यांपैकी दोन नावांकडे लक्ष द्या : खग आणि पत्री. खग म्हणजे आकाशात जाणारा. पत्री म्हणजे पिसे असलेला. हे दोन्ही शब्द संस्कृतात पक्ष्यालाही लागतात आणि बाणालाही. बाणाच्या पिसांना तेथे पक्ष आणि वाज असे दोन शब्द आहेत. मागच्या टोकाला, जेथे दोरी बसते आणि पिसे असतात, तेथे पुंख हा शब्द आहे. महाभारतात कंकपत्र असा शब्द वारंवार येतो. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा एक पक्षी, आणि त्याची पिसे लावलेला बाण तो कंकपत्र. गिधाडाची पिसे लावलेला तो गार्ध्रपत्र.

धनुर्वेदाच्या ग्रंथांत पिसांविषयी स्पष्ट सूचना आहेत. कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशा पक्ष्यांची पिसे चांगली मानली आहेत. प्रत्येक बाणाला चार पिसे लावावीत, ती सहा अंगुळे लांब कापावीत, शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळे लांब पिसे घ्यावीत आणि ती स्नायूच्या तंतूंनी घट्ट बांधावीत, असे तेथे सांगितले आहे. शिंगाचे धनुष्य अधिक जोराने बाण फेकते, म्हणून त्याला मोठे पीस. या सूचना वाचताना असे जाणवते की, लिहिणाऱ्याने कारागिराशेजारी बसून त्याला प्रश्न विचारले असावेत.

पुंख हा शब्द पुस्तकात मेला असे समजू नका. तो आपल्या बांधावर उभा आहे. जांभळ्या फुलांचे उन्हाळी नावाचे झुडूप तुम्ही पडीक रानात पाहिले असेल. वैद्य त्याला शरपुंखा म्हणतात आणि युनानी हकीम सरफोंका म्हणतात. सरफोंका हे शरपुंखाचेच बदललेले रूप आहे. त्याचे पान दोन्ही टोकांना धरून हळूच ओढा. ते आडवे सरळ तुटत नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखे, बाणाच्या शेपटीसारखे तुटते. ज्या कोणी या झाडाला पहिल्यांदा हे नाव दिले, त्याने बाणाचा पुंख रोज हाताळलेला असला पाहिजे. सुटीच्या दिवशी हा प्रयोग अवश्य करून पाहा.

फारसीतील शब्द

मुसलमान राज्यकर्त्यांबरोबर या देशात धनुर्विद्येची दुसरी एक शब्दसंपत्ती आली. तीर म्हणजे बाण, कमान म्हणजे धनुष्य, तरकश म्हणजे भाता, पैकान म्हणजे बाणाचे टोक, सूफार म्हणजे दोरी बसण्याची खाच, आणि पर म्हणजे पीस. तेराव्या शतकात दिल्लीत सुलतान इल्तुतमिशला अर्पण केलेल्या 'आदाबुल-हर्ब वश्-शुजाअत' या फारसी ग्रंथात धनुष्यबाणांची चर्चा आहे. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त शस्त्रागाराची यादी दिली. तीत पैकानकश नावाचे एक हत्यार आहे. ते मारण्यासाठी नव्हते. शरीरात रुतलेले बाणाचे टोक उपसून काढण्यासाठी होते. बाण करणाऱ्यांनी पिसे आणि टोके जितक्या काळजीने घडवली, तितक्याच काळजीने कोणीतरी जखमी माणसाचाही विचार केला होता, हे या एका शब्दावरून दिसते.

त्या काळच्या बाणांची दांडी पुष्कळदा वेताची किंवा बोरूसारख्या सरळ, पोकळ वनस्पतीची असे. संस्कृतात तर शर हे एका गवताचेच नाव आहे आणि त्यावरून बाणाला शर म्हणू लागले. ज्या जातीच्या बोरूतून आपले खुशनवीस कलम तासत, तशाच बोरूला तीरगर पिसे लावी. पिसांच्या भागात दांडीवर रंगाचे व सोनेरी पट्टे काढत. त्यामुळे बाण सुंदर दिसे आणि दांडीला दमट हवेपासून थोडे संरक्षणही मिळे.

कारागिराचा मान

बाण करणाऱ्याला आपल्या परंपरांनी किती मान दिला, हेही पाहण्यासारखे आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात एक अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे, आणि एक बाण करणारा कारागीरही आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढून गेला होता की, जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. एकाग्रता कशी असावी, हे अवधूत त्याच्याकडून शिकला. याच अकराव्या स्कंधावर पैठणच्या संत एकनाथांनी मराठीत आपला मोठा ग्रंथ लिहिला, म्हणून ही कथा महाराष्ट्राच्या घरोघरी गेली. बौद्धांच्या धम्मपदातही, बाण करणारा बाण सरळ करतो तसा शहाणा माणूस स्वतःला वळण लावतो, अशा अर्थाची उपमा आहे.

आपल्या हदीस ग्रंथांतही याच विषयावर एक प्रसिद्ध वचन आहे. एका बाणाच्या निमित्ताने अल्लाह तीन माणसांना जन्नतमध्ये प्रवेश देतो, असा त्याचा आशय आहे : चांगल्या नियतने बाण घडवणारा, बाण सोडणारा, आणि त्याच्या हाती बाण देणारा. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ते आले आहे. येथे कारागिराचा उल्लेख वीराच्या बरोबरीने झाला आहे. एवढेच नव्हे, तर त्याच्या कामाच्या जोडीला त्याच्या नियतचीही अट घातली आहे. पालकहो, हाताने काम करणारा माणूस कमी दर्जाचा, असे मुलाच्या मनात कधी आले, तर त्याला ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

तीरगर, कमानगर आणि फ्लेचर

बाण करणारा तो तीरगर आणि धनुष्य करणारा तो कमानगर. हे दोन्ही शब्द पुढे जातींची नावे झाले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'तिरगर, तिरबंदा' अशी नोंद आहे. गुजरात आणि राजस्थान या राज्यांतही हा समाज आहे. कच्छमधील कमानगर हे मुस्लिम कारागीर. धनुष्ये घडवून त्यांवर रंगकाम करण्यात ते तरबेज होते. धनुष्याला गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा त्यांनी तोच कुंचला वाड्यांच्या भिंतींवर चालवला, आणि आज कमानगरी चित्रे म्हणून ती ओळखली जातात. उत्तर हिंदुस्थानात कमानगर या शब्दाला आणखी एक अर्थ आला : हाड बसवणारा. शिंग, लाकूड आणि स्नायू यांना वाकवून, बांधून, जोडून बसवणारा माणूस मोडलेला हातही बसवू शकेल, असा लोकांचा विश्वास असावा.

आता इंग्लंडकडे वळू. इंग्रजीत बाणाला पिसे लावणाऱ्याला फ्लेचर म्हणत. १९८१-८२ साली इंग्लंडचा क्रिकेट संघ हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याचा कप्तान होता कीथ फ्लेचर. पुढे २०११ ते २०१५ या काळात आपल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते डंकन फ्लेचर. ही आडनावे म्हणजे आपल्या भाषेत तीरगरच! लंडनमध्ये १३७१ साली बाण करणाऱ्यांनी धनुष्य करणाऱ्यांपासून आपला वेगळा संघ काढला. १४१७ साली राजा पाचवा हेन्री याने फ्रान्सच्या युद्धासाठी प्रत्येक पाळीव हंसामागे सहा पिसे जमा करण्याचा हुकूम काढला. हा हुकूम कागदावर राहिला, संघाची दप्तरे राहिली, म्हणून तेथला इतिहासकार आज फ्लेचर लोकांचा इतिहास लिहू शकतो. आपल्या तीरगरांनी बाण कमी केले नाहीत. परंतु दप्तर ठेवले नाही.

आपला वऱ्हाड

आता आपण घरी येऊ. तेल्हाऱ्याहून उत्तरेकडे पाहिले की सातपुडा दिसतो. त्या रांगेत नरनाळ्याचा किल्ला आहे. बहमनी काळात, १४८७ साली बांधलेल्या त्याच्या महाकाली दरवाजावरील कोरीव काम आणि शिलालेख पाहण्यासाठी आपल्या सहली जातात. अकबराच्या काळात वऱ्हाडच्या सुभ्यात नरनाळा हे एका सरकारचे ठाणे होते. त्याच किल्ल्यावर नऊगजी तोफही आहे. ज्या तटावरून एके काळी तिरंदाज नेम धरत असतील, त्याच तटावर पुढे तोफ चढली, असा हा काळाचा फेरा आहे.

तेल्हाऱ्याच्या दक्षिणेस पूर्णा ओलांडली की पुढे बाळापूर लागते. तेथे ऑगस्ट १७२० मध्ये एक मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क होता आणि दुसऱ्या बाजूला सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान. आलम अली हा दख्खनचा नायब सुभेदार, वयाने विशी-बाविशीतला तरुण. त्याच्या बाजूने मराठ्यांची फौज लढत होती. दमाजी गायकवाडांनी याच लढाईत नाव मिळवले आणि शाहू महाराजांकडून त्यांना समशेर बहादूर हा किताब मिळाला. दोन्ही बाजूंना मुसलमान सरदार होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. राज्यासाठी झालेल्या लढाईला धर्माचा रंग देण्याची घाई करू नये. दिवस पावसाळ्याचे होते. पूर्णेला पाणी होते आणि वाटा चिखलाने भरल्या होत्या. दमट हवेत सरस सैल होतो आणि पीस लोळते, म्हणून तिरंदाजाला असे दिवस वैऱ्यासारखे असतात.

या लढाईविषयी खाफी खान या इतिहासकाराने एक गोष्ट नोंदवली आहे. आलम अली हत्तीवर बसून बाण सोडत होता. त्याचा भाता रिकामा झाला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यात, अंगात आणि हौद्यात जे शत्रूचे बाण रुतले होते, ते उपसून तो परत शत्रूवर सोडू लागला. मारा सहन न होऊन त्याचा हत्ती मागे वळला. तेव्हा रक्ताने माखलेला तो तरुण तोंड शत्रूकडेच ठेवून म्हणाला की, हत्ती फिरला आहे, मी फिरलो नाही. अखेर तो तेथेच पडला आणि निजामाचा जय झाला.

ही गोष्ट बहुतेक जण शौर्याची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. परंतु तीरगराच्या बाजूने एकदा तिच्याकडे पाहा. शत्रूचा बाण उपसून आपल्या धनुष्याला लावला आणि तो चालला. याचा अर्थ, त्या बाणाची सूफार त्याच्या दोरीवर बसत होती, बाणाची लांबी त्याच्या ओढीला पुरत होती, आणि हौद्यात रुतलेल्या बाणाची पिसे पुन्हा उडण्याइतकी शाबूत होती. दोन्ही फौजा एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, पण त्यांचे बाण एकाच घडणीचे होते. ते कोणी केले होते? खाफी खानाने सरदारांची नावे दिली आहेत, किताब दिले आहेत. बाण करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

बाळापूरनंतर ८३ वर्षांनी आपल्या तेल्हारा तालुक्यातच दुसरी लढाई झाली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. इंग्रजांच्या पुस्तकांत हे गाव अरगाव म्हणून येते. या दिवशी तोफा आणि बंदुकांनी निकाल लावला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पुढच्याच महिन्यात गाविलगडही पडला. एका जिल्ह्याच्या आत, एका नदीच्या दोन काठांवर, शंभर वर्षांहूनही कमी काळात युद्धाचे हत्यार असे बदलले. बंदुकीच्या गोळीला पीस लागत नाही. तीरगराच्या घरी जे वडिलांकडून मुलाकडे जात होते, ते शिकण्याचे कारणच संपले.

कला गेली, शब्द राहिले

कारागीर दुसऱ्या धंद्याला लागला, पण त्याचे शब्द आपल्या बोलण्यात राहून गेले. शाळेच्या फाटकावरची कमान, घड्याळातली कमान, मोटारीचा कमानपाटा हे सर्व धनुष्याचे वारस आहेत. तीरकमठा या शब्दात तर फारसी तीर आणि बांबूच्या धनुष्याचा देशी कमठा हे दोघे एका घरात नांदतात. कोणी लहान गोष्ट फुगवून सांगितली की आपण म्हणतो, पराचा कावळा केला. हा पर म्हणजे फारसीतले पीस. ज्याला आपली भाषा संपूर्ण परकी शब्दांपासून स्वच्छ करायची असेल, त्याला हा कावळासुद्धा उडवून लावावा लागेल.

आणि शिस्त? शिक्षक म्हणून हा शब्द मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. फारसीत शस्त म्हणजे अंगठा, आणि दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात घालतो ती कडी. उर्दूत शिस्त बांधणे म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम, रोख असा अर्थ होता. पुढे तो व्यवस्थित वागणुकीला लागू झाला. शिस्त म्हणजे छडी नव्हे, शिस्त म्हणजे नेम, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनी या शब्दाकडूनच शिकावे.

बाण हा शब्दही एका जागी थांबला नाही. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत बाण म्हणजे पुष्कळदा दारू भरलेला अग्निबाण असतो. त्याला पिसे नसत. मागे बांबूची लांब काठी बांधलेली असे. ही काठी पिसाचेच काम करते. दिवाळीत उडणाऱ्या बाणाची काठी काढून टाकली तर तो कोठेही भरकटतो, हे मुलांना माहीत आहे. अडगावच्या वेलस्लीने चार वर्षांपूर्वी, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या युद्धात, टिपू सुलतानाच्या अशाच अग्निबाणांचा मारा अनुभवला होता. १९६३ साली रामेश्वरमचा एक तरुण अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावरच्या अवकाश केंद्रात गेला, तेव्हा तेथील भिंतीवर टिपूच्या अग्निबाणांचे चित्र पाहून त्याला अभिमान वाटला. त्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांच्या नेतृत्वाखाली २२ मे १९८९ रोजी 'अग्नी' प्रथम उडाले. क्षेपणास्त्राच्या शेपटीला धातूचे पंख असतात, ते नीट पाहा. तीरगराला त्यांचे काम समजावून सांगावे लागले नसते.

आणि धनुष्य? आपल्या कापसाच्या मुलखात धनुष्याने शेवटपर्यंत सेवा केली ती पिंजाऱ्याच्या हातात. कोणी त्याला धनुकली म्हणे, कोणी पिंजण. छताला टांगलेले मोठे लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तात, आणि लाकडी ठोकळ्याने त्या तातेवर मारलेला ठोका. वऱ्हाडात गादी-रजई ज्याने वापरली, त्याच्या घरी या धनुष्याचा आवाज कधी ना कधी झालेला आहे. मग विजेची यंत्रे आली आणि तातेचा आवाजही मागे पडला.

धनुर्विद्या मात्र मेलेली नाही. आपल्याच विदर्भातील नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी हीही जगज्जेती झाली. आजच्या स्पर्धेतील बाणाला पुष्कळदा प्लास्टिकची पाती असतात. ते एका परीने बरेच झाले. कारण ज्या गिधाडांच्या पिसांची धनुर्वेदाने शिफारस केली, ती गिधाडे आता दिसेनाशी झाली आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती मेली, असे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

आपण काय करावे?

पालकहो, हे सर्व सांगण्याचे कारण एकच. तीरगराचे जे झाले, तेच आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या अनेक धंद्यांचे होत आहे. आपल्या तेल्हाऱ्यासारख्या गावात पिंजाऱ्याच्या, मणियाराच्या, रंगाऱ्याच्या, मोमिनाच्या, लोहाराच्या घरी असे पन्नास-पन्नास शब्द आहेत, जे कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाहीत. हत्यारांची नावे, मापांची नावे, माल चांगला की वाईट हे सांगण्याचे शब्द. ज्या आजोबांना ते येतात, त्यांना लिहिता येत नाही; ज्या नातवाला लिहिता येते, त्याला ते विचारावेसे वाटत नाही. मुलगा शिकला की बापाचा धंदा सांगायला लाजतो, हे मी वर्गात पाहतो. फ्लेचर आडनावाचा माणूस क्रिकेटचा कप्तान झाला, पण त्याने आडनाव बदलले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम सोपे आहे. एक शंभर पानी वही घ्या. रोज संध्याकाळी दादा, नाना, नानीजवळ बसा आणि त्यांच्या कामाचा एक शब्द विचारा. तो ज्या उच्चाराने ते बोलतात, त्याच उच्चाराने लिहा. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. त्याखाली त्या वस्तूचे चित्र काढा, ती कशाची करतात ते लिहा, आणि ज्यांनी सांगितले त्यांचे पूर्ण नाव व तारीख लिहा. नाव लिहायला विसरू नका. बाळापूरच्या रणांगणावर जे बाण उडाले, त्यांच्याविषयी आपल्याला थोडेफार कळते. ते करणाऱ्याचे नाव तेवढे कळत नाही, कारण कोणी वही घेऊन त्याच्याजवळ बसले नाही.

वर्ष संपताना या वह्या शाळेत आणा. आपल्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक फळी रिकामी करू.